पुराबरोबर आलेलं झाड, की विसरलेलं कुंपण?

*काका, स. न. वि. वि. या दसऱ्याला आम्ही नागाळा पार्कातल्या एका जुन्या घरात राहायला आलो. २०१९ च्या महापुरात घराच्या खालच्या मजल्यात पाणी होतं, तेव्हापासून ते बंदच होतं. कंपाउंडच्या भिंतीला लागून माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं एक झुडूप माजलंय. लोंबत्या तुऱ्यांना जांभळी फुलं आणि त्याच फांद्यांवर नारिंगी मण्यांचे घोस. कुठं कुठं काटेही आहेत. शेजारचे काका म्हणतात, हे पुराच्या पाण्याबरोबर आलं. त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात, "अवो, निर्गुडी हाय ती, पाला तापवून गुडघ्याला बांधा." मोबाईलनं तीन दिवसांत तीन नावं सांगितली. सासूबाई रोज त्याचा तुरा अंबाबाईच्या तसबिरीला वाहतात आणि फुलतं झाड तोडू देत नाहीत. ह्यांना तिथं गाडी लावायची आहे. दिवाळीत लेक आली होती, तिच्या तीन वर्षांच्या मुलानं ते मणी खिशात भरले आणि एक तोंडात घातला. मी बोट घालून काढला, पण तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. हे नक्की काय आहे? ठेवू की काढू? आणि इचलकरंजीच्या बहिणीला याची फांदी हवी आहे, देऊ का?*

ताई, नमस्कार.

बाकीचं सगळं नंतर, आधी नातवाचं. मणी तोंडातून काढलात, फार बरं केलंत. ते मणी विषारी आहेत. दिवाळीला होऊन गेलेल्या गोष्टीचा आता घोर लावून घेऊ नका. पण पुन्हा कधी त्यानं एखादा चावून गिळला असा नुसता संशय जरी आला, तरी मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. तोंडातलं उरलंसुरलं काढायचं, चूळ भरायला लावायची आणि तडक दवाखाना गाठायचा. तुमचे नेहमीचे मुलांचे डॉक्टर भेटले नाहीत तर कोल्हापूरचं सीपीआर सरकारी रुग्णालय आहेच. जाताना पानं, फुलं, फळं असलेली एक डहाळी पिशवीत घालून न्या. "कसलंतरी जांभळ्या फुलांचं झाड" एवढ्यावर डॉक्टर तरी काय करणार? मळमळ, उलट्या, ताप, गुंगी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं आणि जास्त पोटात गेलं तर झटके, अशी त्याची लक्षणं. मुलं, कुत्री, मांजरं यानं दगावल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हे पहिल्यांदा सांगितलं.

आणि डॉक्टरांना नाव सांगायचं ते दुरांटा. पूर्ण नाव दुरांटा इरेक्टा.

आता तुम्ही म्हणाल, काका, काहीतरी चुकतंय. दुरांटा म्हणजे ते पिवळंधमक, गुडघ्याएवढं, माळ्यानं वरून पाटासारखं सपाट कापलेलं कुंपण. हॉटेलांच्या दारात, मंगल कार्यालयाच्या लॉनभोवती, रस्त्याच्या दुभाजकात, जिकडं बघावं तिकडं तेच. त्याला कुठं फुलं आणि कुठं मणी?

फुलं येतात. आपण येऊ देत नाही. दुरांट्याचा तुरा येतो नव्या फुटव्याच्या शेंड्याला, आणि माळी दर पंधरा दिवसांनी नेमका तोच शेंडा उडवतो. त्यातून तो सोनेरी प्रकार मुळातच फुलायला चिक्कू. त्यामुळं दुरांटा रोज बघूनही त्याचं फूल न पाहिलेली माणसं कोल्हापुरात हजारांनी निघतील. तुमच्या दारातल्याला गेली काही वर्षं कुणी कात्री लावली नाही, एवढाच काय तो फरक.

मी हे फोटोवरून ठोकून दिलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. तुम्ही पहिल्यांदा पाठवलेले सहाही फोटो फुलांचे होते. सगळे तसंच करतात. फुलाचा फोटो सुंदर येतो, पण ओळख पटवायला पानाची पाठ, खोड आणि फळ जास्त बोलतात. मोबाईलच्या ॲपलाही तुम्ही फक्त जांभळा रंग दाखवलात, मग त्यानं एक दिवस लिलॅक सांगितलं, दुसऱ्या दिवशी आणखी काही. लिलॅक हे थंड मुलखातलं झाड. फुलायला त्याला कडक हिवाळा लागतो. आपल्याकडं डिसेंबरातसुद्धा दुपारी पंखा लावावा लागतो, ते इथं कुठलं फुलतंय?

म्हणून मी तुम्हाला चार गोष्टी बघून कळवायला सांगितल्या होत्या. वाचकांनाही उपयोगी पडतील, म्हणून इथं लिहितो. कोवळी डहाळी चिमटीत धरून फिरवून बघा, असं पहिलं सांगणं होतं. तुमचं उत्तर आलं, "गोल फिरत नाही, कडा लागतात, चौकोनी आहे." दुसरं, पानं समोरासमोर जोडीनं आहेत की आलटून-पालटून? जोडीनं. तिसरं, पान तोडलं तर चीक येतो का, चुरगळलं तर वास येतो का? चीक नाही, वासही सांगण्यासारखा नाही. पानाच्या वरच्या अर्ध्या भागात कडेला थोडे दाते आहेत, खालचा भाग सरळ आहे, हे तुम्ही आपणहून लिहिलंत. त्याबद्दल शाब्बास.

चौथं फळाचं. हे जरा जवळून बघण्यासारखं आहे, म्हणून हातमोजा घालून एक मणी नखानं सोलायला सांगितला होता. बाहेरून जे नारिंगी दिसतं ते वरचं पातळ वेष्टण. फुलाच्या बुडाशी जी हिरवी वाटी असते ना, तीच फुगून, रंगून फळाला चारी बाजूंनी गुंडाळते आणि टोकाशी एका बाजूला वळलेली चोच काढते. पोपटाच्या पिल्लाची असावी तशी. आत खरं फळ, रसाळ, आणि त्यात चार कठीण कोयी. एकेका कोयीत दोन बिया. वाटाण्याएवढ्या मण्यात आठ बिया घेऊन बसलेलं झाड आहे हे. तुम्ही चोचीचा फोटो पाठवलात तेव्हा माझं काम नव्वद टक्के झालं.

उरलेले दहा टक्के तुमच्या एका वाक्यानं झाले, आणि ते तुम्ही सहज लिहून गेला होतात: "खोडं चार आहेत, भिंतीला धरून एका ओळीत, साधारण दीड-दीड फुटावर." ताई, पूर बी आणतो, गाळ आणतो, कुणाची घागर आणि कुणाची चप्पलसुद्धा आणतो. पण दोरी लावून दीड-दीड फुटावर रोपं लावत नाही. ते काम माणसाचं. मग मी तुम्हाला खोडं खालून बघायला सांगितली. गुडघ्याच्या उंचीला चारी खोडांवर गाठीच गाठी होत्या, वर्षानुवर्षं एकाच पातळीला कात्री लागल्याच्या खुणा. त्या गाठींच्या वर मात्र फांद्या सरळसोट आठ-नऊ फूट गेलेल्या. आणि आत, सावलीच्या अंगाला, एका काडीवर अजून चार पिवळट पानं. म्हणजे आधीच्या मालकांनी हौसेनं गोल्डन दुरांट्याचं कुंपण लावलं होतं. पूर आला, घर बंद झालं, माळी यायचा थांबला. अशा सोनेरी झाडात अधूनमधून एखादी फांदी उलटून मूळच्या हिरव्या रंगावर जाते. हिरवं पान अन्न जास्त करतं, म्हणून ती जोमानं वाढते, सोनेरीला दाबून टाकते, काटे धरते आणि फुलते. तुमच्याकडं चारी झाडांत तेच झालेलं दिसतंय. पुराशी त्याचा संबंध आहे, पण शेजारचे काका म्हणतात तसा नाही.

आता निर्गुडी. शेजारच्या वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि तो पाला गुडघ्याला बांधू नका. दुरांट्याच्या पाल्यानं काहींच्या कातडीला खाज सुटते, पुरळ उठतं. तापवून बांधलात तर गुडघा राहिला बाजूला आणि मलम शोधत बसावं लागेल. निर्गुडीचं एकेक पान तीन नाहीतर पाच बोटांत फाटलेलं असतं, पाठीमागून राखेसारखं पांढुरकं. चुरगळलं की घरभर वास येतो. काटा नाही, फळ काळपट आणि बारीक. दोघांना जांभळी फुलं येतात एवढंच साम्य. गंमत म्हणजे आमच्या शिकायच्या काळात निर्गुडी आणि दुरांटा एकाच कुळात होती. पुढं शास्त्रज्ञांनी निर्गुडीला उचलून तुळशीच्या कुळात नेलं. दुरांटा राहिला घाणेरीच्या कुळात. घाणेरी तुम्ही ओळखताच, जोतिबाच्या डोंगराला जाताना दोन्ही बाजूंना असते ती. दोघंही अमेरिकेकडचे पाहुणे. दुरांट्याचं मूळ मेक्सिको, वेस्ट इंडिजची बेटं आणि दक्षिण अमेरिका. नाव मिळालं सोळाव्या शतकातल्या कास्तोरे दुरांते या इटालियन वैद्यावरून, आणि १७५३ साली लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या यादीत ते पक्कं झालं. आपल्याकडं त्याला आजीच्या तोंडी असलेलं नाव नाही. निर्गुडी, कुडा, भारंगी, रानजाई म्हटलं की त्यामागं एखादी म्हण, एखादं औषध, निदान एखादी शिवी तरी असते. दुरांटा म्हटलं की फक्त नर्सरीची पाटी.

तुमच्यावर हसत नाही हो मी. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पोरांची सहल घेऊन राधानगरीला गेलो होतो. पांढऱ्या फुलांचं एक झाड बघून छाती काढून सांगितलं, "हा कुडा, याची साल जुलाबावर देतात." पोरं वहीत लिहून घेत होती. मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, म्हणाली, "मास्तर, त्यो नागलकुडा हाय. फळ बगा की!" वर बघितलं तर पिवळी-नारिंगी, होडीसारखी जोडफळं लोंबत होती. पांढऱ्या कुड्याला चवळीसारख्या लांब, बारीक शेंगांची जोडी असते. दोघांना चीक, दोघांची पानं समोरासमोर, दोघांची फुलं पांढरी. फळाकडं बघितलं असतं तर चाळीस पोरांसमोर शोभा झाली नसती. त्या दिवसापासून फळ बघितल्याशिवाय मी नाव घेत नाही, आणि फळ नसेल तर महिनाभर थांबा म्हणतो. तुम्हालाही पुढं असं एखादं झाड भेटलं आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या शब्दावर विश्वास नसेल, तर फुलाफळाची हातभर डहाळी जुन्या 'पुढारी'च्या घडीत पसरून, वर जाड पुस्तकं ठेवून आठवडाभर सुकवा. कागद रोज बदलायचा, नाहीतर बुरशी येते. मग ती शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात घेऊन जा. तिथं सुकवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. तुमची डहाळी आणि त्यांचा नमुना शेजारी-शेजारी ठेवला की वाद मिटतो.

ठेवू की काढू, हा तुमचा खरा प्रश्न. घरात तीनजण, तिघांची मतं तीन, आणि मी तिघांचंही थोडं थोडं ऐकणार आहे.

नातू बारा महिने तुमच्याकडं राहत असता तर मी एका ओळीत उत्तर दिलं असतं: चारी काढा. तो येतो दिवाळीत आणि मे महिन्यात. म्हणून माझं मत असं. गेटकडची दोन झाडं काढा. तिथंच नळ आहे, तिथंच तो खेळतो असं तुम्ही लिहिलंय, आणि ह्यांच्या गाडीचं तोंडही तिकडूनच वळणार. कोपऱ्याकडची दोन ठेवा, पण शिस्तीत. दीड-दीड फुटावर लावलेली झाडं कुंपण म्हणून ठीक होती. मोकळी वाढू द्यायची तर तशीही दाटीच होते, त्यामुळं दोन कमी झाल्यानं उरलेल्यांचं भलंच होईल. सासूबाईंना असं सांगून बघा, पटेल.

ठेवायचं कशासाठी, असंही कुणी विचारेल. एक फूल हातात घेऊन बघा. नखाएवढी पाच पाकळ्यांची चकती, जांभळी, कडेला पांढरी झालर असल्यासारखी, आणि पाचांतल्या दोन पाकळ्यांवर मधोमध गडद रेघ. ती रेघ भुंग्याला वाट दाखवायला. सकाळी नऊच्या सुमारास खुर्ची टाकून बसा, मोठे काळे भुंगे आणि फुलपाखरं येऊन जातात. शिवाय हे झाड ऊन सोसतं, कात्री सोसतं, आणि तुमच्या झाडांनी पूरसुद्धा सोसलाय. असं झाड सरसकट उपटायला माझा हात धजत नाही.

पण फळ नको. "बुलबुल तर खुशाल खातात, मग विषारी कसं?" हा प्रश्न तुम्हाला येता-जाता कुणीतरी विचारणारच. बुलबुल मणी सबंध गिळतो आणि बिया जशाच्या तशा टाकून देतो. झाडानं ते फळ त्याच्यासाठीच रंगवलंय. पाखरू खातं म्हणजे माणसाला चालतं, हा हिशोब कुठल्याच झाडाला लावू नका. आम्ही लहानपणी घाणेरीची पिकून काळी झालेली फळं मूठ-मूठ खाल्ली आहेत. तोही दाखला इथं चालत नाही.

आता कामाला लागा. आत्ता झाडावर घोस आहेत, ते या रविवारीच उतरवा. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि खाली जुनी चादर पसरा, म्हणजे गळलेले मणी गवतात शिरणार नाहीत. सिकेटरनं, म्हणजे छाटणीच्या कात्रीनं, घोस देठासकट कापायचे. हातानं ओरबाडायचे नाहीत. काटे पानांच्या बेचक्यात लपलेले असतात. सगळे घोस पिशवीत बांधून कचरागाडीत द्या. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलेत तर पावसाळ्यात तिथंच रोपं उगवतील. आणि छाटलेला पाला कुणाच्या म्हशीपुढं किंवा शेरडापुढं टाकू नका. "हिरवं हाय, खाऊ दे" म्हणत माळी हमखास टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा. काम झालं की हात साबणानं धुवायचे.

गेटकडची दोन काढायची तर बुंध्याशी नुसती तोडून भागणार नाही. गाठीतून पुन्हा दहा फुटवे येतील. फांद्या आधी उतरवून दोन-अडीच फुटांचा खुंट ठेवा. तो खुंट म्हणजे तुमचा दांडा, हलवायला उपयोगी. भोवती दीड फुटावर गोल खणा, आडवी मुळं कुऱ्हाडीनं तोडा, मग खुंट दोन्ही बाजूंना हलवत उपसा. अजून जमिनीत ओल आहे, दोन माणसांचं सकाळचं काम. उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर तीच काळी माती दगड होईल. डिझेल ओत, मीठ घाल, ॲसिड टाक, असे सल्ले देणारे भेटतील. त्यानं माती नासते आणि झाड कित्येकदा तरीही जगतं. मोकळ्या जागेत फूल हवंच असेल तर जास्वंद लावा, नाहीतर अबोली. नातवानं चुरगळली तरी चिंता नाही. नर्सरीवाला कण्हेर गळ्यात मारायला बघेल, ती मात्र घेऊ नका. कण्हेर, पांढरी-गुलाबी असो नाहीतर पिवळी बिट्टी असो, दुरांट्यापेक्षा कितीतरी जहाल. गंमत बघा, दुरांट्यानं तुमची झोप उडवली आणि तिकडं निम्म्या गावाच्या दारात कण्हेर डुलते आहे.

उरलेल्या दोघांची मोठी छाटणी फेब्रुवारीत, थंडी ओसरायला लागली की. जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर आणा, घाबरू नका. ज्यानं वर्षानुवर्षं कात्री खाल्ली त्याला हे काही नवीन नाही. माळी कोयता घेऊन येईल. कोयता परत पाठवा. कोयत्यानं फांदी चिरते, चिरेत पाणी मुरतं आणि मग ती वरून वाळत खाली येते. बोटाएवढ्या फांदीला सिकेटर, त्याहून जाड असेल तर लहान करवत. पानांच्या जोडीच्या अर्धा बोट वर काप घ्यायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे डोळे फुटतात. आत शिरलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढा. हवा खेळली पाहिजे. अंगठ्याहून जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा. अर्ध्या लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये १०० ग्रॅम चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं कालवून मग एकत्र करायचं. लोखंडी बादली नको. द्राक्षवाले, डाळिंबवाले हेच करतात. उरलेलं ठेवून देऊ नका, त्याच दिवशी वापरायचं.

फेब्रुवारीत छाटलं की पुढचा बहर नव्या फुटव्यावर यायला वेळ लागतो, त्यामुळं मे महिन्यात नातू येईल तेव्हा पिकलेला मणी झाडावर असण्याची शक्यता फार थोडी. तरी तो यायच्या आदल्या दिवशी एक फेरी मारा, खालची जमीनही बघा. खरी परीक्षा दिवाळीची. पावसाळाभर झाड फुलत राहतं आणि दिवाळीपर्यंत मण्यांनी लगडतं. त्यावर उपाय एकच. तुऱ्यातली फुलं गळून गेली की तुरा हिरवा असतानाच कापायचा. आठवड्यातून दहा मिनिटं लागतात. यात दुहेरी फायदा आहे: फळ धरायचं राहिलं की झाड पुन्हा फुलायला लागतं.

खतपाण्याचं फार करू नका. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, जूनच्या तोंडाला दोघांना मिळून दोन घमेली शेणखत, बास. युरिया दिलात तर पाला माजेल आणि फुलं रुसतील. कधी पिठ्या ढेकूण दिसला, कापसासारखा पांढरा, तर पाण्याचा जोरदार फवारा मारा. नाही हटला तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. सोनेरी रंग परत हवा असेल तर त्या पिवळ्या काडीची कलमं करून नवीन झाड करावं लागेल. आता हिरव्याला कापून तो पिवळा व्हायचा नाही. मला विचाराल तर हिरवाच ठेवा.

सासूबाईंच्या तुऱ्याबद्दल. वाहू देत. फूल देवापुढं ठेवल्यानं काही होत नाही. फक्त तुऱ्याला मणी लागलेला नको, ते फूल तीर्थाच्या पळी-पंचपात्रात किंवा पंचामृतात पडता कामा नये, आणि निर्माल्य नातवाच्या हाती लागेल असं ठेवायचं नाही. त्यांना हे तुम्ही सांगण्यापेक्षा नातवाच्या आईनं सांगितलेलं चालेल, असा माझा आपला अनुभव आहे.

राहिली इचलकरंजीची बहीण. जुलैत, दोन-तीन पाऊस झाल्यावर, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी घ्या, खालची पानं काढा, वरची दोन अर्धी कापा, आणि वाळू-माती सारखी मिसळलेल्या पिशवीत दोन डोळे गाडले जातील अशी खोचा. सावलीत ठेवली की महिनाभरात मुळं धरते. पाच काड्या लावा, त्यातल्या तीन तरी लागतील. पण देण्याआधी तिला विचारा, घरात लहान मूल आहे का, आणि लावणार कुठं. अंगणात, डोळ्यांसमोर, फळ काढत राहणार असेल तर खुशाल द्या. शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी किंवा डोंगराच्या कडेला "कुंपण होईल" म्हणून लावणार असेल तर देऊ नका. क्वीन्सलँडमध्ये, हवाईत, दक्षिण आफ्रिकेत हेच झाड पाखरांनी बिया पसरवून रानात तण होऊन बसलंय. घाणेरीनं आपल्या डोंगरांचं काय केलंय ते आपण बघतोच आहोत.

फेब्रुवारीत छाटणी झाली की खोडांचा एक फोटो पाठवा. फुलाचा नको.